गाणं काढून टाकलं तर गोष्ट उरते का? अ‍ॅनिमेशनपटांतल्या गाण्यांचं बदलत गेलेलं काम

2025च्या जूनमध्ये 'केपॉप डेमन हंटर्स' हा अ‍ॅनिमेशनपट नेटफ्लिक्सवर आला. दोन महिन्यांनी, 23 आणि 24 ऑगस्टला, तोच चित्रपट फक्त दोन दिवसांसाठी अमेरिकेतल्या आणि आणखी काही देशांतल्या थिएटरांत लावण्यात आला. घरबसल्या दिसणारा, बहुतेकांनी आधीच पाहिलेला चित्रपट. तरीही लोक मुलांना घेऊन, तिकीट काढून गेले, कारण पडद्यावर गाण्यांचे शब्द उमटणार होते आणि सगळ्यांनी मिळून मोठ्यानं गायचं होतं. अंदाजानुसार त्या शनिवार-रविवारी अमेरिकेत सर्वाधिक कमाई याच चित्रपटाची झाली. त्याच महिन्यात त्यातलं 'गोल्डन' हे गाणं बिलबोर्डच्या 'हॉट 100' या अमेरिकेतल्या लोकप्रिय गाण्यांच्या यादीत पहिल्या क्रमांकावर पोचलं, आणि महिनाअखेरीस त्याच चित्रपटाची चार गाणी एकाच वेळी पहिल्या दहांत होती. एकाच चित्रपटाच्या बाबतीत हे पूर्वी कधीच घडलं नव्हतं. ही गाणी गाणारा 'हंट्रिक्स' नावाचा मुलींचा गट प्रत्यक्षात अस्तित्वातही नाही.

घरात लहान मूल असेल तर यातलं एखादं गाणं तुमच्याही कानांवर आदळलं असेल. मग प्रश्न पडतो: लहान मुलांच्या चित्रपटात गाणी असतातच, त्यात नवीन ते काय? नवीन बरंच आहे. गेल्या नव्वदेक वर्षांत या गाण्यांचं काम अनेकदा बदललं, मध्ये काही वर्षं तर त्यांना घराबाहेरच काढलं होतं. ती परत आली तेव्हा वेगळ्याच कामावर रुजू झाली.

आधी एक साधी कसोटी

जुन्या घरात फेरफार करायचे असले की मिस्त्री आधी भिंतींवर ठोकून बघतो. काही भिंती नुसता आडोसा असतात. पाडल्या तर खोली मोठी होते, बाकी काही बिघडत नाही. काही भिंतींवर मात्र वरच्या स्लॅबचा भार असतो. चित्रपटातल्या गाण्याचंही असंच आहे. गाणं मनातल्या मनात काढून टाकायचं आणि बघायचं, गोष्ट उभी राहते का. राहिली, तर ते गाणं आडोशाचं. कोसळली, तर ते भार पेलणारं.

आडोशाची गाणी वाईट असतात असं मुळीच नाही. कित्येक अत्यंत गोड गाणी आडोशाचीच आहेत. पण चित्रपटाला आधार देतात ती दुसऱ्या जातीची, आणि ती लिहायला फार अवघड असतात.

अ‍ॅनिमेशन आणि गाणं यांची सोयरीक

या दोघांची गाठ पडली ती मुळात तांत्रिक कारणानं. अ‍ॅनिमेशन म्हणजे सेकंदाला 24 चौकटी. तीन मिनिटांच्या गाण्याला 4,320 चौकटी लागतात. चित्रकाराला पात्राचं पाऊल कुठल्या चौकटीत टेकणार हे ठरवायचं असतं, आणि संगीतात ठोका कधी पडणार हे आधीच पक्कं असतं. त्यामुळे ताल ही चित्रकाराच्या हातातली फूटपट्टी झाली. 1928च्या 'स्टीमबोट विली'मध्ये मिकी माउस शिट्टी वाजवत जहाज चालवतो, हालचाल आणि सूर अगदी एकाच क्षणी येतात. लोकांना ही जादू वाटली. पडद्यावरच्या प्रत्येक हालचालीला संगीतानं तंतोतंत साथ देण्याच्या या पद्धतीला पुढे 'मिकीमाउसिंग' असंच नाव पडलं.

1933मध्ये 'थ्री लिटल पिग्ज' या छोट्या चित्रपटातलं लांडग्याला न घाबरण्याचं गाणं अमेरिकेत घरोघरी गेलं. महामंदीचे दिवस होते. लोकांनी त्या लांडग्याच्या जागी बेकारी आणि उपासमार पाहिली. कार्टूनमधलं गाणं मोठ्या माणसांच्या मनालाही जाऊन भिडतं, हे तेव्हा पहिल्यांदा एवढ्या ठळकपणे दिसलं.

मग 1937च्या डिसेंबरात 'स्नो व्हाइट अँड द सेव्हन ड्वार्फ्स' आला. वॉल्ट डिस्ने यांचा आग्रह होता की पात्रानं उगाच मध्येच गायला लागू नये, गाणं गोष्टीत विणलेलं असावं. काही अंशी ते साधलंही: बुटके गात गात खाणीतून घरी येतात, त्यातून त्यांची चाल, त्यांचा स्वभाव कळतो; स्नो व्हाइट प्राण्यांच्या मदतीनं घर झाडते ते गाण्याच्याच तालावर. पण कसोटी लावली तर यातली बरीच गाणी आडोशाची ठरतात. ती पात्रांची ओळख करून देतात, वातावरण उभं करतात, पण त्यांच्यामुळे कोणाचा निर्णय बदलत नाही. या चित्रपटाची गाणी तबकड्यांवरही निघाली. चित्रपटाच्या मूळ ध्वनिमुद्रणावरून विक्रीला आलेला तो पहिला अमेरिकन संच मानला जातो. म्हणजे गाण्याचा बाजार पहिल्या दिवसापासून सोबत होता, हे पुढच्या चर्चेसाठी लक्षात ठेवू.

यानंतरच्या तीस वर्षांत हाच साचा थोड्याफार फरकानं चालला. 1967चा 'द जंगल बुक' घ्या. टेरी गिल्किसन यांनी आधी किपलिंगच्या पुस्तकाला धरून, काहीशी गंभीर गाणी लिहिली होती. डिस्नेंना ती जड वाटली. सगळी बाजूला पडली, एकच राहिलं: बाळू अस्वलाचं, कमीत कमी गरजांत सुखानं जगण्याचं. त्या एका गाण्यानं बाळूचा सगळा स्वभाव उभा केला आणि ते ऑस्करच्या नामांकनापर्यंत पोचलं. बाकीची गाणी शेर्मन बंधूंनी लिहिली.

जलपरीचा आवाज: हॉवर्ड अ‍ॅशमन यांनी काय केलं

इथे जरा थांबायला हवं, कारण आज आपण जे 'डिस्नेचं गाणं' म्हणून ओळखतो ते खऱ्या अर्थानं इथे जन्मलं.

हॉवर्ड अ‍ॅशमन हे न्यूयॉर्कच्या रंगभूमीवरचे गीतकार आणि दिग्दर्शक. संगीतकार अ‍ॅलन मेंकन यांच्यासोबत त्यांनी 1982मध्ये 'लिटल शॉप ऑफ हॉरर्स' हे संगीत नाटक केलं होतं. 'द लिटल मरमेड'साठी ते डिस्नेत आले तेव्हा त्यांनी तिथल्या चित्रकारांसमोर एक व्याख्यान दिलं. त्यात ते म्हणाले की जवळजवळ प्रत्येक संगीतिकेत सुरुवातीलाच एक जागा येते: नायिका कशावर तरी बसते आणि तिला आयुष्यात काय हवंय ते गाते. प्रेक्षक तिच्या बाजूचा होतो तो तिथेच. मग उरलेली गोष्ट म्हणजे ते तिला मिळतं की नाही, एवढंच. नाटकवाले याला 'आय वॉन्ट साँग' म्हणतात. आपण इच्छागीत म्हणू.

1989च्या चित्रपटात एरियल ही जलपरी माणसांच्या जगातून बुडालेल्या वस्तू जमवून ठेवलेल्या गुहेत तेच करते. गाणं संथ आहे. एका चाचणी-खेळात मुलं चुळबूळ करू लागली, तेव्हा स्टुडिओचे प्रमुख जेफ्री कॅट्झनबर्ग यांना ते गाणं काढून टाकावंसं वाटलं. अ‍ॅशमन, दोन्ही दिग्दर्शक आणि एरियल साकारणारे चित्रकार ग्लेन कीन सगळे अडून बसले. गाणं राहिलं. ते गेलं असतं तर पुढे एरियल आपला आवाज देऊन माणसाचे पाय मिळवण्याचा जो सौदा करते तो निव्वळ एका देखण्या राजपुत्रासाठी केलेला वेडेपणा वाटला असता. गाणं असल्यामुळे आपल्याला ठाऊक असतं की राजपुत्र दिसण्याच्या आधीच तिला त्या जगाची ओढ होती.

हे गाणं रेकॉर्ड होताना गायिका जोडी बेन्सन यांनी स्टुडिओतले दिवे मंद करायला लावले होते, समुद्राच्या तळाशी असल्यासारखं वाटावं म्हणून. अ‍ॅशमन शेजारीच उभे राहून सांगत होते की आवाज मोठा करायचा नाही, भावना आत दाबून ठेवायची. आजही ते गाणं नीट ऐकलं तर हे जाणवतं. ती मैफलीत गात नाही, स्वतःशी बोलता बोलता तिचं गाणं होतं.

पण माझ्या मते खरी करामत पुढे आहे, चेटकीण अर्सुलाच्या गाण्यात. आधी ती आपण किती परोपकारी आहोत ते घोळवून सांगते, मग सौद्याच्या अटी, मग आवाज नसला तरी पुरुषांचं काही अडत नाही असा युक्तिवाद, मग घाई. चाल हळूहळू चढत जाते. करारावर सही होते ती गाण्याच्या आतच. त्यानंतर अर्सुला तिला गायला लावते, आणि एरियलचा गाता आवाज तिच्या गळ्यातून निघून शिंपल्यात जाऊन बसतो. लुटली जाणारी वस्तू म्हणजेच गाणं. या चित्रपटातून गाणी काढायची म्हटली तर गोष्टच सांगता येणार नाही.

1991च्या 'ब्यूटी अँड द बीस्ट'मध्ये अ‍ॅशमन-मेंकन जोडीनं सुरुवातीच्या एकाच गाण्यात अख्खं गाव, वाचनवेडी बेल, तिच्यावर डोळा ठेवणारा गॅस्टन आणि 'ही पोरगी विचित्रच' म्हणणारे शेजारी असं सगळं मांडलं. संवादांत यालाच पंधरा मिनिटं गेली असती. ऑस्करच्या सर्वोत्कृष्ट चित्रपटाच्या मुख्य स्पर्धेत नामांकन मिळवणारा हा पहिला अ‍ॅनिमेशनपट. अ‍ॅशमन यांना तो पूर्ण झालेला पाहता आला नाही. एड्समुळे मार्च 1991मध्ये, वयाच्या चाळिसाव्या वर्षी ते गेले. जलपरीला आवाज आणि श्वापदाला आत्मा देणाऱ्या या मित्राला चित्रपट अर्पण केल्याचं शेवटच्या नामावलीत लिहिलेलं आहे.

"पण गाणी म्हणजे मुलांना गुंतवून ठेवायची युक्तीच ना?"

गुंतवून ठेवतात हे खरं. पण चांगला लेखक गाण्याकडून आणखीही कामं करून घेतो. त्यातलं सर्वांत उपयोगी काम म्हणजे काळ पुढे ढकलणं. 'द लायन किंग'मध्ये बछडा सिम्बा, टिमॉन आणि पुम्बा यांच्यासोबत ओंडक्यावरून डुलत डुलत चालतो आणि चालता चालताच पूर्ण वाढलेला सिंह होतो. मधली वर्षं कशी गेली, तो जबाबदारी विसरून कसा रमला, हे त्या एका गाण्यात आलं. 'काही वर्षांनंतर' अशी पाटी लावावी लागली नाही.

1998च्या 'मूलान'मध्ये याहून धाडसी गोष्ट आहे. चिनी सैन्यातले शिपाई लढाईवर निघालेत, कोणासाठी लढायचं, घरी कशी बायको हवी यावर थट्टामस्करी करत गातायत. ओळ अर्ध्यावर तुटते. समोर जळून गेलेलं गाव आहे. बर्फात तलवारी आणि शिरस्त्राणं विखुरलीत, एक बाहुली पडलीय. त्यानंतर चित्रपट संपेपर्यंत एकाही पात्राच्या तोंडी नवं गाणं येत नाही. युद्ध म्हणजे काय, हे आठ वर्षांच्या मुलाला भाषण न देता सांगायचं असेल तर याहून नेमका मार्ग मला तरी माहीत नाही. गाणं कुठे थांबवायचं, हाही गाण्याच्याच कामाचा भाग आहे.

मग पिक्सारचं गाण्यांवाचून कसं भागलं?

1995ला 'टॉय स्टोरी' आला आणि त्यातलं कोणीच गात नव्हतं. पिक्सार या अ‍ॅनिमेशन स्टुडिओच्या मंडळींना संगीतिका करायचीच नव्हती. रँडी न्यूमन यांची गाणी आहेत, पण ती पात्रांच्या ओठांवर नाहीत. वुडी हा खेळण्यातला बाहुला काय सोसतोय ते बाहेरून एक आवाज सांगतो. 'टॉय स्टोरी 2'मधलं जेसीचं गाणं आठवा. मालकीण मोठी होत जाते, बाहुली पलंगाखाली पडून राहते, शेवटी खोक्यात घालून दिली जाते. सगळं सॅरा मॅक्लॉक्लन यांच्या आवाजात, आणि जेसी स्वतः गप्प. ती गायली असती तर हे दुःख इतकं बोचलं नसतं. 1999च्याच 'टारझन'मध्ये डिस्नेनंही हा मार्ग धरला: बहुतेक गाणी फिल कॉलिन्स यांच्या आवाजात, निवेदनासारखी.

2001मध्ये ड्रीमवर्क्सचा 'श्रेक' आला आणि त्यानं जुन्या पद्धतीची उघड टर उडवली. राजकन्या फियोना जंगलात एका पक्ष्यासोबत सूर लावते. तिचा सूर एवढा चढतो की पक्षी फुटतो, आणि ती त्याचीच अंडी न्याहारीला तळते. स्नो व्हाइटच्या पक्ष्यांना दिलेला हा निरोप होता. श्रेकमध्ये गाणी भरपूर आहेत, पण त्यातली बरीचशी आधीच बाजारात असलेली, लोकांच्या ओळखीची. तयार गाणं उचलून प्रसंगावर ठेवण्याच्या या पद्धतीला 'नीडल ड्रॉप' म्हणतात, कारण तबकडीवर सुई ठेवली की गाणं लागतं. ही सोपी आणि लवकर परिणाम करणारी युक्ती आहे. तिची किंमत अशी की गाणं आपल्या आधीच्या आठवणी घेऊन येतं, चित्रपटाचं स्वतःचं असं काही त्यात नसतं. सर्वोत्कृष्ट अ‍ॅनिमेशनपटाचं पहिलं ऑस्कर श्रेकलाच मिळालं. गाणारी राजकन्या त्यानंतर काही वर्षं जुनाट ठरली.

मराठी माणसाला हे वळण परकं वाटू नये. 1880च्या 'संगीत शाकुंतल'पासून पन्नासेक वर्षं आपली रंगभूमी पदांवर चालली. मग 1933मध्ये नाट्यमन्वंतर या नाट्यसंस्थेनं 'आंधळ्यांची शाळा' आणलं, त्यात पदं मोजकी आणि प्रसंगाला धरून होती. 'एवढं दुःख झालेला माणूस ताना कसा घेईल?' हा प्रश्न वास्तववादानं तिथेही विचारला होता. प्रश्न रास्त आहे. त्याचं उत्तर गाणं बंद करणं हे एक. दुसरं उत्तर म्हणजे गाण्याला इतकं खरं करणं की प्रश्नच पडू नये.

जपानच्या स्टुडिओ घिबलीनं पहिलाच रस्ता धरला आणि त्यात कमाल केली. 'माय नेबर टोटोरो' किंवा 'स्पिरिटेड अवे'मध्ये गाणी सुरुवातीला किंवा शेवटी येतात, मध्ये जो हिसाइशी यांचं वाद्यसंगीत आणि भरपूर शांतता. म्हणजे गाण्यावाचून अ‍ॅनिमेशनपट अपुरा असतो असं कोणी म्हणू नये.

'फ्रोझन'नंतर गाणं आत वळलं

2013चा 'फ्रोझन' हा या सगळ्या प्रवासातला दुसरा मोठा टप्पा. एल्सा ही बर्फाची राणी सुरुवातीच्या आराखड्यात खलनायिका होती. ख्रिस्टन अँडरसन-लोपेझ आणि रॉबर्ट लोपेझ या दांपत्यानं तिच्यासाठी 'लेट इट गो' लिहिलं. आयुष्यभर स्वतःला दाबून ठेवलेली बाई पहिल्यांदाच मोकळा श्वास घेते, असं ते गाणं. ते ऐकल्यावर तिला दुष्ट ठरवणं कोणालाच जमेना, आणि चित्रपटाची गोष्टच नव्यानं लिहावी लागली. एका गाण्यानं अख्ख्या घराचा नकाशा बदलला.

शिवाय हे इच्छागीत नाही. एल्साला काही मिळवायचं नाही, तिला जे आहे ते लपवणं थांबवायचं आहे. आणि बारकाईनं पाहिलं तर ती त्या क्षणी चुकतेय. ती मुक्त झाल्याचं गातेय, तिकडे खाली तिचं राज्य गोठून चाललंय आणि तिला पत्ता नाही. इतक्या जल्लोषाच्या चालीत इतकी मोठी चूक दडवणं हे धाडस होतं.

त्याच चित्रपटात एल्साची बहीण अ‍ॅना आणि राजपुत्र हान्स यांचं प्रेमगीत आहे. खेळकर, गोड, दोघं एकमेकांची वाक्यं पुरी करतायत. पन्नास-साठ वर्षं प्रेक्षकांना शिकवलं गेलं होतं की दोन आवाज एका सुरात मिळाले म्हणजे प्रेम खरं. 'फ्रोझन'नं तोच विश्वास वापरून आपल्याला फसवलं. हान्स लबाड निघाल्यावर पुन्हा ते गाणं पाहा: तो फक्त तिच्या होला हो मिळवतोय. आपण आयुष्यभर स्वतःची जागा शोधत होतो असं तो म्हणतो तेव्हा तिला प्रेम ऐकू येतं, त्याच्या मनात सिंहासन असतं.

पिक्सारनंही 2017मध्ये 'कोको' करून आपला जुना नियम सोडला. त्यातलं 'रिमेंबर मी' पहिल्यांदा येतं ते एर्नेस्तो दे ला क्रूझ या बड्या गायकाच्या भपकेबाज रंगमंचीय गाण्यासारखं. नंतर कळतं की ते मुळात हेक्टर नावाच्या बापानं आपल्या लहानग्या कोकोसाठी, दूरदेशी निघताना लिहिलेलं अंगाईगीत होतं. शेवटी बारा वर्षांचा मिगेल तेच गाणं आपल्या पणजीसमोर गिटारवर हळूच गातो. पणजी म्हणजेच ती कोको, आता सगळं विसरत चाललेली. आणि या गोष्टीत मृतांच्या जगाचा नियम असा की जिवंतांपैकी कोणालाच आठवेनासा झालेला माणूस तिथूनही कायमचा नाहीसा होतो. शब्द तेच, चाल तीच. आधी बढाई, मग निरोप, मग एका माणसाला वाचवण्याची धडपड. कसोटी लावून पाहा, या गाण्यावाचून एक वीटही जागेवर राहत नाही.

2021च्या 'एन्कांतो'मध्ये खलनायक नाहीच. भांडण कुटुंबाच्या आत आहे. म्हणून मधली बहीण लुइसा काय हवं ते गात नाही, सगळ्यांचं ओझं उचलता उचलता आपण मोडून पडू याची भीती गाते. आणि 'वी डोन्ट टॉक अबाउट ब्रूनो'मध्ये घरातला प्रत्येक जण न दिसणाऱ्या मामाबद्दल आपापली कैफियत मांडतो, शेवटी सगळ्यांच्या चाली एकावर एक चढतात. नावच काढायचं नाही अशा माणसाबद्दल अख्खं घर बोलत सुटलंय! लेखक लिन-मॅन्युएल मिरांडा यांनी त्या एका गाण्यात घरोघरीचं गुपित पकडलं.

'केपॉप डेमन हंटर्स' याच्या पुढची पायरी. नायिका रूमी ही पेशानंच गायिका, त्यामुळे ती मध्येच का गायला लागली असं कोणी विचारत नाही. गाणं हेच राक्षसांविरुद्धचं तिचं शस्त्र, चाहत्यांच्या साथीनं उभं राहणारं संरक्षक कवच. 'गोल्डन'चे शब्द सांगतात की आता लपणं संपलं. प्रेक्षकाला मात्र ठाऊक असतं की रूमी अर्धी राक्षसकुळातली आहे आणि अंगावरच्या खुणा जिवलग मैत्रिणींपासूनही लपवतेय. सराव करताना वरच्या सुरावर तिचा आवाज फुटतो तो याच कारणानं. गाणं लोकांना एक सांगतं आणि आपल्याला दुसरंच. बहुतेक मुलांना हे शब्दांत सांगता येणार नाही, पण त्यांना ते कळतं. म्हणून ती ते पुन्हा पुन्हा ऐकतात.

"हे सगळं शेवटी बाजारासाठीच ना?"

बाजार आहेच. तबकड्या 1937च्या चित्रपटाच्याही विकल्या गेल्या. 'ब्यूटी अँड द बीस्ट' 1994मध्ये आणि 'द लायन किंग' 1997मध्ये ब्रॉडवेच्या रंगमंचावर गेला, त्या प्रयोगांची कमाई चित्रपटाहून लहान नाही. 'केपॉप'साठी कोरियन पॉपच्या धंद्यात मुरलेले संगीतकार मुद्दाम घेतले गेले.

पण काय चालेल हे बाजाराला आधी कळतं, असं समजायचं कारण नाही. 'एन्कांतो'साठी डिस्नेनं ऑस्करला स्पॅनिशमधलं एक हळुवार गाणं पाठवलं होतं. ब्रूनोचं पाठवलंच नाही. मग चित्रपट घरोघरी ओटीटीवर दिसू लागला, मुलांनी आणि मोठ्यांनीही त्या गाण्याचे तुकडे करकरून छोटे व्हिडिओ बनवले आणि 2022च्या सुरुवातीला ते गाणं पाच आठवडे हॉट 100मध्ये पहिलं राहिलं. 'लेट इट गो'लाही हे जमलं नव्हतं.

गाणं चित्रपटातून सुटून स्वतंत्र जगतं, हेही आपल्याला नवं नाही. 'नाच रे मोरा' येत नाही असा मराठी माणूस विरळा. ते 1953च्या 'देवबाप्पा' या चित्रपटातलं: गदिमांचे शब्द, पु. ल. देशपांडे यांची चाल, आशा भोसले यांचा आवाज. चित्रपट किती जणांनी पाहिलाय? गाणं तिसऱ्या पिढीच्या शाळेच्या स्नेहसंमेलनात नाचतंय.

मला काळजी वाटते ती वेगळ्या गोष्टीची. पंधरा सेकंदांचा तुकडा उचलला जावा म्हणून ध्रुवपद आधी बनवायचं आणि गोष्ट नंतर त्याभोवती बेतायची, असा मोह आता मोठा आहे. अशी गाणी ओळखू येतात. पात्र कोणतंही असो, ते गाणं त्याच्या तोंडी चालून जातं. अर्सुलाचं गाणं दुसऱ्या कोणाला देऊन बघा, जमणारच नाही.

"तरी पूर्वीसारखी गाणी आता होत नाहीत"

थोडं तथ्य आहे. भल्या मोठ्या खलनायकाचं रंगून गायलेलं गाणं कमी झालं, कारण खलनायकच कमी झाले. चाली आता गुंतागुंतीच्या असतात, शब्द भराभर येतात, सहज गुणगुणता येईल असं थोडं. पण 1990च्या दशकातलीही पडलेली गाणी आपण विसरलोय आणि उरलेल्या पाच-सहांशी आजच्या सगळ्यांची तुलना करतोय.

आणि आपल्या भाषेत?

अ‍ॅनिमेशनपटाचं गाणं दुसऱ्या भाषेत नेणं हे फार कठीण काम आहे. अर्थ सांभाळायचा, मात्रा सांभाळायच्या, ठेक्यावर योग्य अक्षर पडायला हवं, आणि पडद्यावर पात्राचं तोंड 'आ'काराला उघडलेलं असताना गीतकाराला तिथे मिटल्या ओठांचं अक्षर टाकता येत नाही. गाणारा आणि बोलणारा आवाज वेगळा असणं मात्र आपल्याला अजिबात खटकत नाही. हॉलिवूडमध्येही ही पद्धत आहे: मूलान बोलते मिंग-ना वेन यांच्या आवाजात, गाते लिआ सालोंगा यांच्या. रूमीचंही तसंच, बोलणं आर्डेन चो यांचं आणि गाणं ईजे यांचं.

हिंदीनं 1990च्या दशकात याला एक वेगळं उत्तर दिलं होतं. दूरदर्शनवर लागणारी 'जंगल बुक' ही मालिका जपानी होती. तिच्यासाठी शीर्षकगीताचा अनुवाद न करता गुलजार यांनी अगदी नवं गीत लिहिलं, विशाल भारद्वाज यांनी चाल दिली, आणि मोगली इथलाच झाला. 2025च्या जुलैमध्ये आलेला 'महावतार नरसिंह' सर्वाधिक कमाई करणारा भारतीय अ‍ॅनिमेशनपट ठरला, त्यामागेही हेच असावं. प्रल्हादाच्या कथेत मुळात भांडण आहे ते नामस्मरणाचंच. बाप म्हणतो नाव घ्यायचं नाही, मुलगा घेतच राहतो. अशा गोष्टीत भजन वरून चिकटवावं लागत नाही.

मराठीत अशा गोष्टींचा तुटवडा नाही, आणि प्रसंगाला धरून पद लिहिण्याची दीडशे वर्षांची सवय आपल्याकडे आहे. मराठीत पुढचा अ‍ॅनिमेशनपट करायला घेणाऱ्यांनी कथा पक्की व्हायच्या आधीच गीतकाराला लेखकाच्या शेजारी बसवावं, अ‍ॅशमन बसले होते तसं. पटकथा संपल्यावर 'इथे, इथे आणि इथे एकेक गाणं द्या' असं सांगितलं, की तीन आडोसे मिळतात.